कीचकाच्या गालावरची सूचना

मी एक डबा बोलतोय. पत्र्याचा, गोल, तळहातावर मावेन एवढाच. माझ्या पोटात तोंडाला लावायचा हिरवा रंग होता. माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत पुष्कळ काही लिहिलेलं आहे, पण ते मला वाचता येत नाही. स्वतःची पाठ कुणाला वाचता येते? दुसऱ्यांनी वाचलं, ते मी ऐकलं. तेवढंच माझं शिक्षण.

जन्म चेन्नईजवळच्या एका कारखान्यात झाला. एका नळीतून मेण आलं, दुसरीतून एरंडेल, मग रंग. झाकण बसलं आणि अंधार झाला. पाठीवर कुणीतरी कागद थापला, वरून पुठ्ठ्याचं खोकं घातलं. खोक्यावरही तोच मजकूर, जरा मोठ्या अक्षरांत. मला वाटलं, एवढं लिहिलंय म्हणजे मी मोठ्या घराण्यातला असणार.

मला ओमनानं विकत घेतलं. केरळात ओट्टप्पालमकडच्या एका गावात ती दवाखान्याच्या खिडकीतून औषधं देते. तिचे वडील कुंजुण्णी नायर चाळीस वर्षं कथकळीत नाचताहेत. रावण, दुर्योधन, आणि सगळ्यांत आवडता कीचक. पण मी घरात आलो तेव्हा त्या कीचकाच्या गालांची साल निघत होती. कपाळावर चिरा पडल्या होत्या. हसला की रक्त यायचं, म्हणून तो हसत नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "तोंडाला काय लावता ते कळल्याशिवाय आता काही लावायचं नाही. नाहीतर नाच बंद."

भगवतीच्या उत्सवातला कीचक महिन्यावर आला होता.

"रंगच लावला नाही तर मी कोण गं?" कुंजुण्णी लेकीला म्हणाला. "पेज पिणारा एक म्हातारा."

संध्याकाळी चातुण्णी आशान, म्हणजे गुरुजी, आले. कथकळीत नट जमिनीवर उताणा पडतो आणि रंगवणारा उस्ताद त्याच्या डोक्याशी बसून तोंड रंगवतो. आशान तीस वर्षं याच डोक्याशी बसत आलेले. मला पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"हे काय? बुटाचं पॉलिश?"

"रंग आहे, आशान," ओमना म्हणाली. "यात काय काय आहे ते लिहिलंय. तुमच्या रंगात काय असतं?"

"दगड. पिवळा हरताळ, तांबडा हिंगूळ. हरताळात नीळ घातली की हिरवा. खोबरेलात उगाळायचा. माझ्या गुरूनं हाच उगाळला, त्याच्या गुरूनंही. त्यावर कुठं एक अक्षर लिहिलेलं नाही. म्हणजे त्यात वाईट काही नाही."

"हरताळात सोमल असतो, आशान. हिंगुळात पारा. दोन्ही विषं."

"डोंगरातून येतो तो, पोरी. निसर्गाचा आहे."

"नागही निसर्गाचाच असतो."

कुंजुण्णीला हसू आलं. गाल दुखला म्हणून त्यानं ते आवरलं.

मग ओमनानं माझी पाठ वाचायला घेतली. आधी मेण, मग एरंडेल, मग जस्ताची भुकटी, आणि अगदी शेवटी रंगांचे आकडे.

"रंगाच्या डब्यात रंग शेवटी?" आशान म्हणाले. "आणि हे सांगायला लाज नाही वाटत त्यांना?"

"जे जास्त असतं ते आधी लिहायचं, असा नियम आहे."

"आमच्यात उलटं," कुंजुण्णी म्हणाला. "किरकोळ आधी येतात, मोठा नट शेवटी."

पुढं उघड्या डब्याचं एक चित्र होतं आणि त्यात बाराचा आकडा. आशानांनी ते डोळ्यांजवळ धरलं. "हे मला कळलं. एका डब्यात बारा माणसं होतात."

"नाही हो. झाकण उघडल्यापासून बारा महिने. मग टाकून द्यायचा."

"टाकून? माझ्या गुरूचा दगड अजून माझ्याकडं आहे!"

ओमना पुढं वाचू लागली. "फक्त बाह्य वापरासाठी."

"आत कोण लावतो?"

"डोळ्यांत जाऊ देऊ नये."

इथं मात्र पंचाईत झाली. कारण कथकळीचा नट नाचायला उठण्याआधी चुंडाच्या फुलातलं एक बारीक बी मुद्दाम पापणीखाली घालतो. डोळे लालभडक व्हावेत म्हणून.

"रंग जाऊ देऊ नये म्हणतोय," कुंजुण्णी सावकाश म्हणाला. "बियांचं काही म्हणत नाही."

"हं. डबा समजूतदार आहे," आशान म्हणाले. माझ्याबद्दल कुणी बोललेला हा पहिला चांगला शब्द.

पण पुढच्या ओळीनं ओमनाच थबकली. "जखम असलेल्या त्वचेवर लावू नये."

कुंजुण्णीनं गालाला हात लावला. मी ज्याच्यासाठी आलो होतो त्याच्याच कामाचा नव्हतो. आधी कातडी भरायला हवी होती. मग तीन आठवडे त्यानं काही लावलं नाही, डॉक्टरांचं मलम तेवढं. मी फडताळात बसून होतो. गाल हळूहळू भरत आले. हे भरणं सगळ्यांनी पाहिलं, आशानांनीही.

उत्सवाला दोन दिवस उरले. माझ्या पाठीवर शेवटची एक अट होती: आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून चोवीस तास वाट पाहावी.

"थांब," आशान म्हणाले. "परीक्षा एकट्याचीच का? डाव्या हाताला तुझा डबा लाव. उजव्या हाताला माझा दगड."

ओमना नाही म्हणाली. पण कुंजुण्णीनं उजवा हात आधीच पुढं केला होता. "तीस वर्षं तोंडाला लावलंय. एक दिवस कोपराला लावून मी काही मरत नाही. आशानांना अन्याय झाल्यासारखं वाटायला नको."

मग तो दिवस काय सांगू! रंग पुसायचा नाही, घासायचा नाही, म्हणून कोपर वाकवायचा नाही. कीचक दोन्ही हात पंखांसारखे पसरून गावभर फिरला. चहाच्या टपरीत त्याला दारातून आडवं शिरावं लागलं. निवृत्त पोस्टमन वेलायुधननं त्याच्या तोंडाशी पेला धरला आणि विचारलं, "कुठं उडायची तयारी, नायर?"

"परीक्षा चाललीय."

"या वयात? कुठल्या इयत्तेची?"

बाया देवळातून परत येताना थांबून कोपर पाहून जायच्या. एकीनं दोन्ही हातांना कुंकू लावलं. जेवण ओमनानं भरवलं. दर तासाला आशान कुंपणाशी यायचे, कोपरांकडं बघायचे आणि परत जायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओमनानं दोन्ही हात धुतले. डावा स्वच्छ. उजव्या कोपरावर लाल चट्टा उठला होता, कडेला बारीक फोड.

आशानांनी वाकून तो चट्टा जवळून पाहिला.

"मी लावला," ते म्हणाले. "तीस वर्षं मीच लावला रे, कुंजू."

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"आशान," ओमना म्हणाली, "तुमची बोटं दाखवा."

"बोटांचं काय? चुन्यानं फाटतात ती."

"दाखवा."

त्यांनी हात पुढं केला. टोकं लाल, चिरलेली, साल निघालेली. कुंजुण्णीच्या गालांसारखीच. रोज रात्री खोबरेल चोपडून ते ती लपवत होते. कुंजुण्णीनं ती बोटं आपल्या पसरलेल्या हातात धरली. त्याला अजून कोपर वाकवायचं धाडस होत नव्हतं.

त्या दिवशी ओमनानं आशानांची रंगांची पेटी साबणानं तीनदा धुतली. पेटीतले कागद मात्र पायरीवर ठेवले. ते शेजारच्या शेळीनं खाल्ले. आता कथकळीच्या तोंडाला हनुवटीच्या कडेनं पांढऱ्या कागदाची महिरप चिकटवतात, तिला चुट्टी म्हणतात. तिच्याशिवाय कीचक म्हणजे नुसता हिरवा माणूस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा प्रयोग, आणि कागद शेळीच्या पोटात.

रंगपटात कुंजुण्णी उताणा पडला. आशानांनी माझ्यात बोट बुडवलं, कपाळ ते हनुवटी मला पसरवलं. जन्मात पहिल्यांदा मी माणसाच्या तोंडावर होतो. मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि माझं खोकं उचललं. कात्रीनं त्याची महिरप कापली. पांढरी बाजू बाहेर, अक्षरांची बाजू आत.

"मला वाचता येत नाही," ते कुंजुण्णीच्या कानाशी म्हणाले. "तुझ्या गालाला तरी समजू दे."

मी पेटीतून ऐकत होतो. मृदंग वाजले, पडदा खाली गेला. सैरंध्रीच्या वेडानं पेटलेला कीचक घामानं निथळत होता. त्या घामानं डाव्या गालावरचा पुठ्ठा सुटला आणि उलटा झाला. पहिल्या रांगेत वेलायुधन होता, चाळीस वर्षं लोकांचे वाकडेतिकडे पत्ते वाचलेला. लिहिलेलं दिसलं की त्याच्यानं राहवत नाही. त्यानं मोठ्यांदा वाचलं:

"थंड व कोरड्या जागी ठेवावे!"

सगळं देऊळ हसलं. रंगपटात आशानांनी कपाळाला हात लावला. पण कीचक थांबला नाही. त्यानं कान दिला, मान डोलावली, आणि हातांनी सांगू लागला: होय, या विरहानं माझी भट्टी झाली आहे, मला थंड जागी न्या. त्यानं स्वतःला वारा घातला. चंदन फासलं. घाम पिळून कोरडा झाला. आणि मग भर मंचावर झोपायला थंड कोपरा शोधत फिरला. मृदंगवालाही हसला, पण ठेका चुकला नाही. असा कीचक त्या देवळानं पाहिला नव्हता.

प्रयोगानंतर ओमनानं खोबरेलानं मला पुसून काढलं आणि दिवा गालाजवळ नेला. आशानही वाकले. गाल कोरडा, सपाट, माणसाच्या रंगाचा. कुंजुण्णी हसला. रक्त आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आशान गुरूचा दगड फडक्यात बांधून घेऊन आले. "टाकवत नाही," ते म्हणाले. "यावर तू काहीतरी लिही." ओमनानं चिठ्ठी लिहून चिकटवली: 'हे सुंदर आहे. लावू नये.'

माझे बारा महिने आशानांनी उत्सवापासून उत्सवापर्यंत मोजले. त्या दिवशी उरलेला रंग त्यांनी नमस्कार करून टाकला आणि नवा डबा उघडला. मला टाकलं नाही. मी आता पेटीच्या कोपऱ्यात असतो. पाठीवरचा कागद थोडा सोलला आहे. बाबांनो, तुमच्या घरातल्या डब्याबाटल्यांचीही पाठ एकदा बघत जा. ज्याच्यावर काही लिहिलेलं नाही, त्याला तर आधी विचारा.

माझ्या पोटात सध्या काय असतं ते सांगतो. चुंडाच्या बिया. प्रयोगाच्या संध्याकाळी कुंजुण्णी झाकण उघडतो, मला उलटा करून ओमनानं शिकवलेल्या ओळीवर बोट फिरवत मोठ्यांदा म्हणतो, "डोळ्यांत जाऊ देऊ नये." मग एक बी काढतो आणि डोळ्यात घालतो.

निदान आता वाचून घालतो.