सहीचा झाला राजीनामा

मी सादियाच्या टायपिंगच्या दुकानातला कीबोर्ड बोलतोय. नरडाणा स्टेशनकडून कारखान्यांकडे निघालात की डाव्या हाताला झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांची पाटी दिसते ना, तिथेच मी असतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला सांगता येणार नाही. मला आठवतं ते जळगावपासूनचं. पिंप्राळ्यात कादरभाईंच्या घरी मी खोक्यातून बाहेर आलो. त्यांचा मुलगा तौसिफ माझ्यावर गेम खेळायचा. डाव्या बाजूची चार अक्षरं त्यानेच झिजवली. पुढे त्याला मोबाइल मिळाला आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. तिथून मला खाली काढलं ते त्याच्या बहिणीने, सादियाने. तिने मला उलटा धरून बिस्किटांचा चुरा झटकला, ओल्या फडक्याने पुसलं. लग्न होऊन ती नरडाण्याला नईमच्या घरी आली, तेव्हा कपड्यांच्या बॅगेत मीही होतो. वर्षभरात तिने हे दुकान टाकलं.

इथे मी माणसं पाहिली. घरी, बाजारात, फोनवर ती आपल्या बोलीत, अहिराणीत भडाभडा बोलतात. पण साहेबाला लिहायचं म्हटलं की इंग्रजीच हवं. "इंग्रजीत टाका ताई, वजन पडतं," असं जो तो म्हणतो. आणि छापून झालं की न वाचताच घडी घालून खिशात!

रत्ना अशीच एकदा घाईत आली. ती शिंदखेड्याकडच्या एका गावची. इथल्या तेलाच्या कारखान्यात, लॅबमध्ये नमुने तपासायला ती करारावर कामाला होती आणि तो करार आता संपत आला होता.

"भाभी, मना करार सरना," ती म्हणाली. "परत सही करनी शे. चांगलं इंग्रजीत लिखा."

"आणखी काय लिहू?"

"मी कायम कंपनीना भाग राहसू, आस्सं लिखा."

सादियाची बोटं सुरू झाली. पुन्हा सही करणं म्हणजे री-साइन. कंपनीचा भाग म्हणजे अ पार्ट ऑफ द कंपनी. पडद्यावर कुठेही लाल रेघ उमटली नाही. सगळं बरोबर दिसत होतं. मेल गेला आणि रत्ना आनंदाने शिफ्टला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली, ती जवळजवळ पळतच. तिने मोबाइल सादियासमोर धरला. कंपनीचं उत्तर आलं होतं: तुमचा राजीनामा मंजूर करण्यात येत आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

"भाभी, मी कव्हय राजीनामा दिधा?" रत्ना म्हणाली. "घर मना पगारवर चालस."

सादियाने कालचा मेल उघडला. एकदा वाचला, मग अक्षरांवर बोट ठेवून वाचला. तेव्हा कुठे तिला चूक दिसली.

इंग्रजीत 'री' आणि 'साइन' यांच्यामध्ये आडवी छोटी रेघ असेल, तर अर्थ होतो पुन्हा सही करणं. ती रेघ गाळली की तीच अक्षरं, त्याच क्रमाने, 'रिझाइन' होतात. म्हणजे नोकरी सोडणं! सादियाने ती रेघ गाळली होती. तिथेही भागलं नव्हतं. 'अ' आणि 'पार्ट' यांच्यात मोकळी जागा असली की 'एक भाग'. दोन्ही चिकटले की 'अपार्ट', म्हणजे वेगळं. सादियाने ते चिकटवले होते. संगणकाला काय, दोन्ही शब्द त्याच्या शब्दकोशात होते. लाल रेघ चुकीचं स्पेलिंग दाखवते, चुकीचा अर्थ नाही.

थोडक्यात, रत्नाने कंपनीला कळवलं होतं की मी करार सोडते आणि कायम तुमच्यापासून वेगळी राहीन.

बाकावर धनसिंगभाऊ बसले होते, आधारचं काम घेऊन आलेले. ते म्हणाले, "त्यात काय एवढं! मोबाइल हॅक झाला म्हणून सांगा ना."

"नाही भाऊ," सादिया म्हणाली. "टाइप मी केलंय. सांगणारही मीच. रत्ना, साहेबांना फोन लाव."

फोन स्वप्नील सरांनी उचलला. माणसं घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

"रत्नाताई, तुमच्या जागेसाठी आम्ही उद्या दोघांना बोलावलंय," ते म्हणाले.

सादियाने फोन हातात घेतला. "सर, मी सादिया, टायपिंगवाली. तिला करार पुढे चालू ठेवायचा आहे. शब्द माझ्या हातून चुकला. शिक्षा तिला नको."

स्वप्नील सर म्हणाले, "हे सगळं लेखी पाठवा. पण बोलावलेल्यांना मी नाही म्हणू शकत नाही. रत्नाताईंनाही उद्या त्यांच्याबरोबर बसावं लागेल."

आपल्याच जागेसाठी मुलाखत!

सादिया माझ्यावर वाकली. या वेळी ती री-साइनच्या वाटेलाच गेली नाही. सरळ 'रिन्यू' लिहिलं, म्हणजे नूतनीकरण. ज्या शब्दाचा अर्थ एका रेघेवर लटकतो, तो शब्दच टाळलेला बरा. मग 'अ' आणि 'पार्ट'च्या मध्ये तिने 'स्मॉल' हा शब्द घालून पाहिला: एक छोटा भाग. बसला. म्हणजे तिथे जागा हवी. 'स्मॉल' काढला, जागा ठेवली. लिहिलेलं प्रत्येक वाक्य तिने रत्नाला मराठीत सांगितलं. रत्नाने मान हलवली, तेव्हाच पुढचं लिहिलं.

मुलाखतीचं मला रत्नाकडून कळलं. लॅबमध्ये तिघांना तेलाचा नमुना तपासायला दिला. बाकी दोघे कागद चाळत होते, तोवर हिने यंत्र सुरू करून आकडा काढला. "रोजनं काम शे मनं, माले काय विचारतस!" असं सरांनाच म्हणून आली. करार झाला. सही करण्याआधी तिने त्यातली प्रत्येक ओळ विचारून घेतली म्हणे.

तेव्हापासून या दुकानात कुणाचाच मेल तसाच जात नाही. 'मेबी' लिहिलं की सादिया विचारते, 'कदाचित' म्हणायचंय ना? मग जोडून. 'असू शकेल' म्हणायचंय? मग तोडून. 'एव्हरी डे' म्हणजे रोज, तर तोडून. रोजच्या वापराची वस्तू असेल, तर जोडून. लोक आधी कुरकुरले. आता रांगेत उभे राहून आपापसात तेच बोलतात.

माझ्या वायरला आता चिकटपट्टी लागली आहे. स्पेसची लांब पट्टी एका बाजूने अडकते. नईमने नवा कीबोर्ड आणून ठेवलाय. माझी तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. लिहिलेलं पाठवण्याआधी ते आपल्या घरच्या भाषेत एकदा स्वतःला सांगा. घरी जे बोलला असतात तेच निघालं, तर खुशाल पाठवा.

परवा रत्ना रजेचा अर्ज घेऊन आली. सादिया सरसावली, तर म्हणाली, "सरका भाभी, आज मी लिखस." एका बोटाने, ओठ हलवत तिने चार ओळी लिहिल्या. मग साऱ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांचा अर्थ अहिराणीत सांगितला.

"बठ्ठं बराबर शे," सगळं बरोबर असल्याचं तिने जाहीर केलं आणि एंटर असा दणकून दाबला की टेबलावरचा चहा हिंदकळला.