मेण मुरायला अकरा दिवस

आमच्या साहेबांना प्रयोगशाळेतले सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणतात. मीही म्हणते, फक्त थोडं मोठ्यानं.

मी तिथली काचवाली. लिंबाएवढे पोकळ काचेचे गोळे फुंकते, त्यांना आम्ही सेल म्हणतो. ही विद्या मला सासऱ्यांनी दिली. नवऱ्याला ज्योतीपुढे बसायचा कंटाळा, तो बँकेत चिकटला. मग बाबांनी फुंकनळी सुनेच्या हातात दिली. पहिल्या वर्षी मी इतके गोळे फोडले, की ते म्हणायचे, "पोरी, निदान बारीक तरी फोड, झाडायला सोपं जातं."

सेलमध्ये एका धातूची चिमूटभर वाफ असते. लेझरचा उजेड त्या वाफेतल्या सगळ्या अणूंना एका दिशेला तोंड करून उभं करतो. जवळ चुंबकत्व असलं की ती तोंडं वळतात, आणि किती वळली ते उजेडच सांगतो. आम्हाला मोजायचं होतं पोटातल्या बाळाच्या हृदयाचं चुंबकत्व, आईच्या अंगाला सुईसुद्धा न लावता. ते इतकं क्षीण असतं, की यंत्राची स्वतःचीच खरखर त्याहून मोठी होते. त्या खरखरीचा आकडा आमच्याकडे नव्वद होता. तिसाच्या खाली आला, तर बाळ ऐकू येणार होतं.

अडचण काचेची. अणू उघड्या काचेवर आपटला, की शाळेत धक्का बसलेल्या पोरासारखा पाठ केलेलं सगळं विसरतो. म्हणून आतून मेणाचा पातळ थर द्यायचा. पण मेण कच्चं असलं तर ते वाफच गिळून बसतं. त्याला धातूसकट साठ अंशांच्या उबेत मुरू द्यावं लागतं. किती दिवस? अकरा. मी तीन वर्षं चाचणीच्या छोट्या गोळ्यांवर बघून वहीत लिहून काढलेला हा हिशेब आहे; मोजणीच्या सेलना एवढे दिवस आजवर कोणी दिलेच नव्हते. नऊला होत नाही, दहाला होत नाही.

त्या गुरुवारी मी बारा सेल उबेच्या कपाटात ठेवले. सहा वरच्या कप्प्यात, सहा खालच्या, दोन्हींना वेगळी दारं. पुढच्या शुक्रवारी समिती येणार होती. आकडा खाली आला नाही, तर काचखोली बंद करून सेल बाहेरून विकत घ्यायचे आणि मला भांडारात बसवायचं, असं ठरलं होतं. भांडारात मी बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या असत्या. पस्तीस वर्षं बाबांनी आणि चौदा वर्षं मी चालवलेली खोली, आणि शेवट डिंक.

"सोमवारी काढा सगळे," साहेब म्हणाले.

"अकरा दिवस, साहेब. पुढचा नाही, त्याच्यापुढचा सोमवार."

"समिती शुक्रवारी येतेय. मेणाला सांगा तसं."

"मेण माझं ऐकत नाही. मीच त्याचं ऐकते."

सोमवारी सकाळी मी आले, तर वरच्या कप्प्याचं दार सताड उघडं, समोर पंखा लावलेला, आणि सहा सेल मापनाच्या टेबलावर. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. मी एक सेल उचलून भिंगाखाली धरला. आत चांदीसारखे ठिपके.

सेलला एक बारीक मान असते, धातूचा कण तिच्यात बसतो. कपाटात ती मान पितळी ठोकळ्याच्या खाचेत रुतलेली असते. काढताना आधी ठोकळ्यावर तासभर गार वारा सोडायचा, मान थंड करायची, मग कपाटाची ऊब बंद करायची. धातूची वाफ गार जागी जाऊन बसते, तिला तेवढंच कळतं. साहेबांनी दार उघडून गोळे गार केले आणि ठोकळा तसाच गरम ठेवला. मग वाफ मेणावर बसेल नाही तर कुठे जाईल?

आमच्या प्रयोगशाळेत मोजणी करणारी मुलगी हुशार आहे, पण साहेबांपुढे आवाज नाही तिला. तिनं आकडा वाचला, एकशे चाळीस, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन दिवसांत साहेबांचा अहवाल तयार. 'हातानं केलेले सेल भरवशाचे नाहीत.' खाली 'सेल करणाऱ्याची सही' अशी जागा.

"सही करा," साहेब म्हणाले.

"यात दार उघडल्याचं लिहिलेलं नाही."

"दार उघडणं ही काय लिहायची गोष्ट आहे?"

"मग सही करणं ही काय माझी गोष्ट आहे?"

कागद मी उलटा करून त्यांच्याकडे सरकवला.

गुरुवारी घरी बाबांना सगळं सांगितलं. आता त्यांना फार चालवत नाही, खिडकीशी बसून असतात. बराच वेळ ते हाताच्या जुन्या भाजल्याच्या डागांवर बोट फिरवत राहिले.

"उद्या काढून दे खालचे सहा," ते म्हणाले. "आठ दिवस म्हणजे काही अगदीच कच्चे नाहीत. पन्नास-साठपर्यंत येतील. खोली वाचेल."

"तुम्ही काय करायचात?"

"मी? मी हो म्हणायचो. चार दिवसांत मागितले तर चार दिवसांत दिले, दोन म्हणाले तर दोन. म्हणून तर खोली राहिली." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "साठाच्या खाली मात्र आकडा मी कधी बघितला नाही."

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी इतकी माया आली, की मी उठून उगाच चहा टाकला. रात्री मनाशी ठरवलं, साहेबांचं ऐकायचं नाही आणि बाबांचंही नाही.

शुक्रवारी समिती आली. तिघं होते, त्यात एक अध्यक्ष. साहेबांनी एकशे चाळीसचा आलेख दाखवला. अध्यक्षांनी विचारलं, "आणखी सहा आहेत म्हणे? आत्ताच लावून बघू या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक हो म्हटलं असतं, तर आकडा साठाच्या आसपास आला असता, साहेबांचं तोंड बंद झालं असतं आणि माझी खोलीही कदाचित राहिली असती. मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले.

"आज आठवा दिवस आहे. सोमवारी या."

"निर्णय आज घ्यायचाय, बाई. तीन दिवसांत काय जादू होणार?"

"जादू नाही, साहेब. मेण. निर्णय तुमचा, तो आज घ्या. सेल माझे, ते सोमवारी निघतील."

"हा हट्ट आहे," अध्यक्ष म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी निर्णय घेतला. महिनाअखेर खोली रिकामी करावी.

सोमवारी मी आधी ठोकळ्यावर गार वारा सोडला. पूर्ण एक तास स्टुलावर बसून राहिले, घड्याळ बघत. मग कपाटाची ऊब बंद केली. भिंगाखाली सहाही गोळे स्वच्छ होते, धातूचा कण मानेत गप्प बसलेला. मोजणारीनं पहिला सेल लावला. तिनं तीनदा मोजलं, आणि मग ती, जिला आवाज नाही ती, दार उघडून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "सत्तावीस."

साहेब धावत आले. आकडा बघितला, घाम पुसला. "असे महिनाअखेरपर्यंत किती देऊ शकाल?"

"महिनाअखेर तर खोली रिकामी करायचीय मला."

"ते बघू आपण. पण आदेश निघालाय, तो लगेच मागे घेता येत नाही."

"मग तो काढतानाच घाई नव्हती करायची. आज बारा नवीन आत ठेवलेत. अकरा दिवस कपाटाला कोणी हात लावायचा नाही. त्या अकरांच्या मध्येच महिनाअखेर येते, त्याला माझा इलाज नाही."

घरी गेले. बाबा खिडकीशीच होते.

"सत्तावीस," मी चप्पल काढायच्या आधीच सांगितलं.

"आणि खोली?" त्यांनी विचारलं.

"आदेश आहे. माणसं पाठवतील सामान हलवायला."

"आकडा परत सांग."

"सत्तावीस, बाबा."

त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि उठून उभे राहिले. मी हात द्यायला गेले तर झिडकारला.

"ज्या दिवशी माणसं येतील, त्या दिवशी मला घेऊन चल," ते म्हणाले. "कपाटापुढे खुर्ची टाकून बसतो. म्हाताऱ्याला उचलायचं म्हणजे त्यांना आधी माझं 'नाही' ऐकावं लागेल, आणि पस्तीस वर्षांचे 'नाही' माझ्याकडे साठलेले आहेत."