पाचव्या घराची लाइन क्लियर

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मास्तर रेल्वेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण स्टेशन काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. बागेतला पालापाचोळा जाळायचा, तर त्यांना गल्लीतल्या पाचही घरांकडून 'लाइन क्लियर' हवी होती. मार्ग मोकळा असल्याचा निरोप, तोही तोंडी आणि स्पष्ट.

हे शहाणपण काही फुकट आलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांनी कुणालाही न विचारता ढीग पेटवला आणि ठिणग्या भिंतीपलीकडे शिवणवाल्या ताईंच्या अंगणात उडाल्या. तिथे गिऱ्हाइकाचा लग्नाचा पांढरा झगा वाळत होता. त्याची पार चाळण झाली. माफी मागायची सोडून मास्तर म्हणाले, "त्याला मी काय करणार? वारा तुमच्याकडे होता." त्या दिवसापासून ताईंनी या घराशी बोलणं टाकलं.

मास्तरांचं त्यावाचून काही अडलं नाही. अडलं ते बायकोचं. वीस वर्षं रोज दुपारी दोघी भिंतीच्या अल्याडपल्याड उभ्या राहून गप्पा मारायच्या. आता ती एकटीच भिंतीपाशी जायची, उगाच चार वाळकी पानं खुडायची आणि परत यायची. तक्रारीचा एक शब्द नाही. भांडली असती तर मास्तरांना सोसलं असतं, हे सोसवत नव्हतं.

म्हणून या रविवारी सकाळी सगळं कसं नियमाने. ढीग भिंतीपासून लांब, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या, वाळूचं घमेलं. खाली मांजर-बिंजर दडलेलं नाही ना, हे बघायला त्यांनी अख्खा ढीग उपसून पुन्हा रचला. मग गळ्यात शिट्टी अडकवून घरोघर निघाले. दमेकरी आजोबांनी खिडक्या लावून घेतल्या. नर्सबाईंनी चादरी आत नेल्या. निवृत्त शिक्षकांनी भित्र्या कुत्र्याला मागच्या खोलीत ठेवून रेडिओ लावून दिला. इलेक्ट्रिशियनने उरलेले फटाके ढिगात टाकू का म्हणून विचारलं, त्याला परवानगीऐवजी अर्ध्या तासाचं व्याख्यान मिळालं.

पाचव्या दारात ताई आल्या त्या तोंडात टाचण्या धरून.

"ढीग पेटवू का?"

ताईंनी मान हलवली.

"मानेचं चालत नाही. तोंडी हवं."

दार धाडकन लागलं.

तास झाला. ढीग जागेवर, मास्तर जागेवर. आजोबा खिडकीची फट करून ओरडले, "अहो, धुराने मेलो असतो तर परवडलं असतं, इथे उकडून मरतोय!"

"ताईंनी मान हलवली ना? झालं की मग!" इलेक्ट्रिशियन म्हणाला.

"नुसत्या मानेवर गाड्या सोडल्या असत्या, तर आज तुरुंगात असतो."

शेवटी गल्ली ताईंच्या दारी लोटली. दार उघडलं, पण टाचण्या अजून तोंडातच. नर्सबाई गयावया करत म्हणाल्या, "ताई, एक शब्द टाका हो! 'हो' म्हणा, 'नाही' म्हणा, शिवी द्या!" ताई ढिम्म.

मास्तरांनी मागे पाहिलं. बायको फाटकाशी उभी होती, डोळे ताईंच्या दाराकडे. मास्तरांना एकदम लाज वाटली. सगळे नियम पाळून झाले होते, आणि मुख्य काम तसंच राहिलं होतं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली.

"ताई, झगा माझ्यामुळे जळला. वाऱ्यावर ढकललं, ते त्याहून वाईट. माझं चुकलं."

ताईंनी तोंडातली एकेक टाचणी काढून मनगटावरच्या टाचण्यांच्या उशीला टोचली. मास्तरांकडे बघितलंसुद्धा नाही.

"अगं, उन्हात काय उभी राहिलीस?" त्या फाटकाकडे बघून म्हणाल्या. "आत ये की."

बायको जवळजवळ धावतच गेली. दार लागलं.

"म्हणजे पेटवायचं की नाही?" इलेक्ट्रिशियनने डोकं खाजवलं.

मास्तर पायरीवर टेकले. आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं, आणि कुणाला हसतायत ते सांगायला ज्योतिषी नको होता. हसू देत, पोटभर हसू देत.

"खिडक्या उघडा," मास्तर गल्लीला म्हणाले. "आज काही पेटत नाही."