दोघांचा बेलभंडार

नरसी फाटा मागे पडला आणि वैजनाथ गाडीच्या काचेवरून मुंग्या वेचायला लागला. मुंग्या कुठल्या आल्यात! काच लख्ख होती. पण वैजनाथ चिमटीत एकेक मुंगी धरायचा, खाली टाकायचा, परत हात वर न्यायचा. हात असे लटलट कापत होते की चिमूटच जुळत नव्हती. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, राजकन्येनं, त्याचं मनगट मांडीवर दाबून धरलं होतं. देवा, ह्यांच्या तोंडून काही निघू देऊ नको, एवढंच ती मनात घोकत होती.

गाडी चालवत होते लक्ष्मणराव. चाकूरला त्यांचं बी-बियाणांचं मोठं दुकान. त्यांचा मुलगा आणि राजकन्येची लेक गीतांजली, या दोघांची सुपारी शुक्रवारी फुटायची होती. बस्ता बांधायला म्हणून लक्ष्मणराव बुधवारी सकाळी मुखेडला आले काय, आणि कापडाच्या दुकानात भर गादीवर वैजनाथ ताठ होऊन पडला काय! तोंडाला फेस, डोळे पांढरे. लक्ष्मणरावांनी उलगडलेल्या साड्या तशाच टाकल्या आणि होणाऱ्या इवायाला उचलून स्वतःच्या गाडीत घातलं. "मेंदूत ताप गेलाय. इथं टाइम घालवायचा न्हाई, सरळ नांदेड," म्हणाले. माणूस भला होता, आणि तीच तर मोठी पंचाईत होती.

कारण या भल्या माणसाची एकच अट होती. हुंडा नको, मानपान नको, पण घर निर्व्यसनी पाहिजे. पहिल्या बैठकीत त्यांनी विचारलं, दुसऱ्यात विचारलं, देण्याघेण्याचं बोलणं झालं तेव्हा पुन्हा विचारलं. तिन्ही वेळा वैजनाथचे थोरले भाऊ अमृतराव छाती पुढे काढून म्हणाले, "इवाई, आमच्यात कुणी शिवतसुदीक न्हाई." राजकन्या आत पोहे परतत होती. तिनं ऐकलं आणि गॅस बारीक केला.

आता खरं काय ते सांगायला पाहिजे. वैजनाथचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटार आणा, जुनी तार काढून नवी अशी गुंडाळून देणार की वर्षानुवर्षं बघायला नको. असा कारागीर, पण सकाळी उठल्यावर त्याचा हात चालायचा नाही. आधी देशी घशाखाली गेली की मगच बोटं थांबायची आणि तार सरळ बसायची. दुपारी परत, संध्याकाळी परत. रस्त्यात कधी पडला नाही, कुणाला शिवी दिली नाही, बायकोवर हात टाकला नाही. म्हणून तर सगळं झाकून राहिलं. लोक म्हणायचे, वैजनाथ लई गरीब माणूस. दारू मात्र त्याला आतून कोरत होती आणि ते फक्त राजकन्येला दिसत होतं. अंगावरचं मांस गेलं, जेवण दोन घासांवर आलं, रात्री झोपेतसुद्धा पाय झाडायचा.

सुपारी ठरली तशी ती हट्टाला पेटली. रविवारी त्याला घेऊन माळेगावला गेली, खंडोबापुढं उभं केलं आणि म्हणाली, "उचला बेलभंडार." वैजनाथनं कापऱ्या हातांनी बेलाचं पान उचललं, भंडारा कपाळाला लावला. "देवा, आता थेंब न्हाई. पेलो तर माझं वाटोळं." मग तो तिच्याकडं वळला. "तूबी उचल गीताची माय. माझ्या दारूचं नाव तुझ्या तोंडून कुणाला कळायचं न्हाई. पोरीच्या सासरी तर कदीच न्हाई." तिनंही उचलला. का नाही उचलायचा? नवरा सुधरत होता, पोरीचं चांगलं होत होतं. येताना बसमध्ये दोघं नव्या जोडप्यासारखी एकमेकांना खेटून बसली होती.

सोमवारी त्याला घाम फुटला. मंगळवारी अन्न ठरेना, हात तर असे हलत होते की पाण्याचा तांब्या धरता येईना. "जरासं दे गं," तो म्हणाला, "अवषीदासारकं." राजकन्येनं भंडाऱ्याची पुडी काढून त्याच्यासमोर धरली. तिला वाटलं, तलफ आहे. चार दिवस जिरवली की जाईल. जगातल्या सगळ्या बायांना हेच वाटतं, तिला काय दोष द्यायचा! वैजनाथनं त्या पुडीकडं बघितलं. मग उठला, दुकानातल्या भंगार तारेच्या डब्यातून लपवलेली क्वार्टर काढून आणली आणि तिच्या हातात दिली. "ओत मोरीत. माझ्या हातून ओतली जाणार न्हाई." तिनं ओतली, आणि मनातून ती फुलून गेली. बघा, माझ्या माणसात किती कस आहे, असं तिला झालं होतं.

आणि बुधवारी हा माणूस कापडाच्या दुकानात आडवा झाला.

नांदेडच्या दवाखान्यात लक्ष्मणरावांची ओळख होती, लगेच खाट मिळाली. डॉक्टर मृण्मयी नावाची तरुण बाई होती, चटचट बोलणारी. तिनं वैजनाथचे डोळे उघडून बघितले, नाडी धरली, कापणारे हात न्याहाळले. "आधी कधी असे झटके आले होते?"

"न्हाई," गाडीत पुढं बसून सोबत आलेले अमृतराव म्हणाले.

"दारू पितात?"

खाटेच्या एका बाजूला अमृतराव, दुसऱ्या बाजूला लक्ष्मणराव, पायथ्याशी राजकन्या. थोरल्या दिरासमोर ती आजवर पदर सारून कधी बोलली नव्हती. बाहेरच्या माणसाला उत्तर द्यायचं तर ते देतील, हा घरचा रिवाज. अमृतरावांनी उत्तर दिलं. "आमच्यात कुणी शिवत न्हाई, मॅडम."

डॉक्टरनं राजकन्येकडं बघितलं. "तुम्ही सांगा. बायकोला माहीत असतं."

राजकन्येला माळेगावचा देव दिसला, स्वतःच्या तळहातावरचा पिवळा भंडारा दिसला. तिनं मान नुसती हलवली. होकारही नाही, नकारही नाही. तेवढ्यात लक्ष्मणराव पुढं झाले. "मॅडम, या घराची गॅरंटी मी घेतो. तीन येळा चौकशी करून सोयरीक केली मी. देवमाणूस आहे हा."

झालं! आता कुणाच्या तोंडाकडं बघायचं? त्या भल्या माणसानं आपली सगळी पत त्या खाटेवर ठेवून दिली. राजकन्येला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. पण दवाखान्याची फरशी कसली दुभंगते.

वैजनाथला मशीनखाली नेऊन मेंदूचा फोटो काढला. फोटोत काही नव्हतं. ताप म्हणावा तर अंग नुसतं कोमट. डॉक्टर परत आली तेव्हा तिच्या कपाळावर आठ्या होत्या. "मेंदूज्वराचं औषध सुरू करते. पण खात्री करायला पाठीच्या मणक्यातून पाणी काढावं लागेल. नाडी फार पळतेय. दुसरा झटका आला तर..." ती थांबली. "मी पुन्हा विचारते. काही लपवू नका."

"मॅडम, सांगितलं ना एकदा," अमृतराव आवाज चढवून म्हणाले. आणि सही करायला पुढं झाले. त्यांनाही सगळं माहीत होतं की! धाकटा भाऊ समोर तडफडत होता आणि हा माणूस घराण्याच्या नाकाला जपत होता. राजकन्येला त्यांचा असा राग आला, असा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. कारण तीही तेच करत होती, फक्त देवाच्या नावानं.

संध्याकाळी वैजनाथ अंथरुणातच कामाला लागला. डाव्या हातात नसलेलं काहीतरी घट्ट धरलं, उजव्या हातानं त्याभोवती नसलेली तार गुंडाळायला लागला. ओठ पुटपुटत होते, वेढे मोजत होते. मधेच तार तुटायची. तो दचकायचा, रडकुंडीला यायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. अंगावरची चादर घामानं चिंब झाली होती. "बसंना गं," तो म्हणाला. "तार बसंना. गीताची माय, दे गं जरा. एकच घोट दे. हात थांबंना माझा."

"काय मागायलेत ते?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"पाणी," अमृतराव म्हणाले.

लक्ष्मणराव लगबगीनं उठले, ग्लास भरला, आणि आपल्या हातानं वैजनाथच्या ओठाला लावला. वैजनाथनं एक घोट घेतला आणि ग्लास ढकलून दिला. "हे न्हाई!" तो ओरडला. "हे न्हाई!" पाणी लक्ष्मणरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं. पुढच्या क्षणी वैजनाथची मान मागे गेली, दात करकरले, सगळी खाट हलायला लागली.

डॉक्टर आणि दोन सिस्टर धावत आल्या. कुणी पाय धरले, कुणी तोंड एका कुशीला वळवलं. राजकन्या भिंतीला टेकून उभी होती. हे मरायलेत, तिच्या मनात आलं. माझ्यासमोर मरायलेत आणि मी गुमान उभी आहे. खंडोबा, तुला काय करायचंय ते मला कर. माझे हात झडू दे, डोळे जाऊ दे.

तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला.

"मॅडम, ह्यांना दारू हाय."

"राजकन्या!" अमृतराव गरजले.

"रोजची हाय. लई वर्सांची. सकाळी उठल्यापासून लागते, त्याबिगर हात चालत न्हाई. रविवारी शपथ घेतली आन एकदम बंद केली. मीच केली बंद. मंगळवारी हात जोडत हुते माझ्यापुढं, मी दिली न्हाई. कायबी करा, पण त्यांना वाचवा." हे सगळं ती एका दमात बोलली, आणि इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या खाटेवरची माणसं उठून बघायला लागली.

डॉक्टरनं क्षणभर डोळे मिटले. मग सिस्टरला भराभर इंजेक्शनांची नावं सांगितली. सुई शिरेत गेली, दुसरी सलाइनमध्ये. झटका ओसरला तसं तिनं राजकन्येकडं वळून सांगितलं, "बाई, इतकी वर्षं रोज पिणाऱ्याची दारू अशी घरात एका झटक्यात तोडायची नसते. शरीराला त्याची सवय झालेली असते, ती काढून घेतली की मेंदू खवळतो. दवाखान्यात औषधं देऊन सोडवावी लागते. माणूस जातो यात. सकाळीच बोलला असता तर..."

तिनं पुढचं गिळलं. राजकन्येला कळायचं ते कळलं. तिला वाटलं होतं, आपण नवऱ्याला वाचवतोय. अरे देवा, आपणच तर ह्यांना इथवर आणलं!

लक्ष्मणराव ओल्या सदऱ्यानं तसेच उभे होते. हातातला ग्लास त्यांनी खिडकीत ठेवला. अमृतराव काहीतरी बोलू लागले, त्यांनी हातानं थांबवलं. ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. राजकन्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली तेव्हा मात्र त्यांनी वर बघितलं.

"माझा धाकटा भाऊ याच्यातच गेला," ते म्हणाले. "म्हणून इचारत हुतो. सांगितलं असतं तर मीच आणून घातलं असतं वैजनाथरावांना दवाखान्यात. पण तुम्ही मला त्या डॉक्टर पोरीसमोर गॅरंटी घ्यायला लावली. आता मी तुमच्या कुठल्या शब्दावर इसवास ठेवू, ताई?"

सकाळपासून ते तिला इहीणबाई म्हणत होते. तिनं नुसते हात जोडले. ते उठले, गाडीतली तिची पिशवी आणून बाकावर ठेवली आणि गेले.

शुक्रवारी सकाळी वैजनाथनं नीट डोळे उघडले. उशाशी राजकन्या होती. पायाशी बसलेल्या गीतांजलीचे डोळे रडून रडून सुजले होते, पण ती बापाचे तळपाय चोळत होती. वैजनाथनं आधी छताकडं बघितलं, मग बायकोकडं.

"गीताची माय," तो कुजबुजला, "मी पेलो तर न्हाई ना?"

"न्हाई. थेंबबी न्हाई."

त्याच्या चेहऱ्यावर लहान लेकरासारखं समाधान पसरलं. "आन तू? तुझी शपथ राहिली ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं! राजकन्येनं त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. "मोडली," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर मोडली. इवायासमोरबी."

वैजनाथनं गीतांजलीकडं बघितलं. आज तिनं हिरवी साडी नेसायची होती. अंगावर रोजचाच ड्रेस होता. तिनं मान खाली घातली आणि पाय चोळत राहिली. वैजनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं, ते पुसायला त्यानं हात उचलला नाही.

तेवढ्यात डॉक्टर मृण्मयी आली. "अरे वा, उठलात. आता मला नीट सांगा, रोज साधारण किती घेत होता?"

अमृतरावांनी घाईनं आजूबाजूच्या खाटांकडं नजर फिरवली. "मॅडम, जरा हळू. लोक ऐकायलेत."

वैजनाथ कोपरावर रेटा देऊन उठायला लागला. जमेना, तेव्हा लेकीनं पाठीला हात लावला. तो बसला, घसा खाकरला.

"ऐकू द्या, भाऊ," तो म्हणाला. आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. सकाळी किती, दुपारी किती, कुठं लपवायचा, कुणाकुणाशी खोटं बोलला. बुधवारपासून डोळ्याला पाणी न आलेली राजकन्या खाटेचा लोखंडी दांडा धरून ओक्साबोक्शी रडायला लागली.