भैरोबा जहाजावर गेला

पेठ तालुक्यातल्या कडवईपाड्यावर दरवर्षी चैत्रात बोहडा होतो. देवांची सोंगं घेऊन लोक नाचतात आणि कुठल्या देवाचं सोंग कुठल्या घरानं घ्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. बुधा गावितांच्या घराकडे भैरोबा. गावितांना सगळे बाबाच म्हणायचे. त्यांच्या आज्यानं पांगाऱ्याच्या लाकडात कोरलेला तो मुखवटा वर्षभर पांढऱ्या फडक्यात गुंडाळून माळ्यावरच्या टोपलीत असायचा. बोहडा आला की बाबा तो उतरवायचे, नवा रंग द्यायचे आणि तोंडावर चढवायचे. एरवी ते विकायला लहान मुखवटे करायचे. त्यांचं वय सत्तरीच्या पुढं होतं, पण कोरायची पटाशी धरली की हात अजून हलत नसे.

दोन वर्षांपासून पाड्यावर परदेशी पाहुणे येऊ लागले होते. मुंबईच्या बंदरात मोठं प्रवासी जहाज दोन दिवस थांबायचं. त्यातली तीसेक माणसं बसनं नाशिकला मुक्कामाला यायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यावर कारागिरी बघायची आणि संध्याकाळी जहाज सुटायच्या आत बंदरावर परत जायची. त्यांना घेऊन यायची वेदिका. ती नाशिकची, गाइडचा कोर्स केलेली सव्वीस वर्षांची मुलगी. बाबांशी तिचं चांगलं जमायचं. आली की आधी आत जाऊन भागीबाईंच्या, म्हणजे बाबांच्या बायकोच्या, हातचा कोरा चहा प्यायची.

जानेवारीतल्या त्या खेपेला तिनं आदल्या दिवशी फोन केला होता. "बाबा, मागच्या वेळी लोक म्हणाले, नवे मुखवटे छान आहेत, पण खरा, जुना बघायचाय. तुमचा भैरोबा नुसता दाखवाल का?"

"दाखवतो की. देव लोकांनी बघायसाठीच हाय."

पाहुणे साडेआठला आले. भागीबाई पेठच्या बाजाराला गेल्या होत्या, घरात बाबा आणि सून सरिता. बाबांनी ओट्यावर बसून लाकूड तासून दाखवलं. पाहुण्यांनी फोटो काढले. मग बाबांनी टोपली खाली घेतली आणि फडकं सोडलं. भैरोबाचे मोठाले डोळे बघून माणसं पुढं सरकली.

एरवी या वेळी वेदिका पुढं होऊन सांगायची, हा देव आहे, विकायचा नाही, हात लावू नका. पण तेवढ्यात टूर कंपनीच्या शेखरचा फोन आला. हायवेवर कंटेनर उलटलाय, लगेच निघा. पाड्यावर रेंज तुटते म्हणून ती बोलत बोलत बसकडे गेली.

पाहुण्यांत इंग्रिड नावाची एक उंच, पांढऱ्या केसांची बाई होती. सकाळपासून ती बाबांच्या हातांकडेच बघत होती. तिला नीट दिसावं म्हणून बाबांनी मुखवटा उचलून तिच्यापुढं धरला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि छातीशी धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग गळ्यातला निळा रेशमी स्कार्फ काढून तिनं बाबांच्या गळ्यात घातला.

बाबांना कळलं, हिला वाटतंय आपण हा हिला दिला.

त्यांनी दोन्ही हात वर केले, "नाय, नाय" म्हणाले. बाईनं ते हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले. आजूबाजूच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा हसले. का हसले, ते त्यांना पुढंही कधी सांगता आलं नाही. सरिता त्या वेळी मागच्या अंगणात बायांना भाकरी थापून दाखवत होती. बसचा हॉर्न वाजला, माणसं भराभर निघाली. बाबा बसपर्यंत मागं गेले. वेदिका दारात उभी राहून माणसं मोजत होती. "येते बाबा, आज फार घाई आहे," ती म्हणाली. बाबांनी तोंड उघडलं, पण तिच्या मागच्या खिडकीतून ती बाई त्यांना हात करत होती. एवढ्या प्रेमानं हात करणाऱ्या माणसाकडून वस्तू परत कशी मागायची? ते उभेच राहिले. बस वळणाआड गेली.

घरी येऊन त्यांनी रिकामी टोपली माळ्यावर ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

भागीबाई तीन वाजता बाजारातून आल्या. नवऱ्याच्या गळ्यात निळं फडकं बघून हसल्या. मग त्यांचं लक्ष गेलं, सकाळची भाकरी तशीच झाकलेली होती.

"जेवला नाय का? काय झालं?"

"भैरोबा गेला," बाबा म्हणाले.

सगळं ऐकून सरिता फोन घेऊन टेकडीकडे पळाली. तिथल्या पाण्याच्या टाकीपाशी तेवढी रेंज तुटत नसे. वेदिकाचा फोन आधी बिझी, मग बंद लागला. पाऊण तासानं घंटी वाजली तेव्हा वेदिका बंदराच्या गेटबाहेर होती. शेवटचा पाहुणा आत जाऊन दहा मिनिटं झाली होती.

"ताई, आमचा देव गेला त्या बाईसंगं. बाबांनी दिला नाय वं, तिला वाटलं दिलाच."

वेदिका गेटकडे धावली. शिपायानं पास विचारला. तिच्याकडे फक्त बसचा पास होता. ती समजावू लागली, तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही खरं बोलत असाल, पण मी सोडू शकत नाही." तिनं शेखरला फोन लावला.

"वेदिका, गेस्टनं चोरी केली असं म्हणायचंय का तुला?"

"नाही सर. गैरसमज झालाय. त्यांना फक्त सांगायचंय, त्या स्वतःहून देतील."

"आता बोर्डिंग चालू आहे. मेल टाक, मी पुढं पाठवतो."

तिनं तिथंच फुटपाथवर बसून मेल लिहिला. भिंतीपलीकडे जहाजाचे वरचे मजले दिसत होते. कठड्याशी माणसं उभी होती, पण इतक्या लांबून एकाचाही चेहरा ओळखू येत नव्हता. सहा वाजता जहाज हललं.

उत्तर यायला एकोणीस दिवस लागले. इंग्रिडनं लिहिलं होतं, आयुष्यात मला कुणी इतकं मोलाचं काही दिलं नाही, त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. वेदिकाला कळेना, सगळं लिहूनही बाई असं कसं म्हणते. मग तिनं उत्तराखाली जोडलेला आपला मेल पाहिला. शेखरच्या ऑफिसनं तिच्या मेलमधलं परत मागायचं वाक्य काढून टाकलं होतं. विचारल्यावर शेखर म्हणाला, "गिफ्ट परत मागितलं असं दिसलं तर जहाजवाले आपली टूरच बंद करतील. मग त्या पाड्याचंही नुकसान. समजून घे."

"मग मला त्यांचा पत्ता द्या."

"गेस्टचा पत्ता देता येत नाही. तुला माहितीय."

मेलसोबत एक फोटो होता. तो घेऊन वेदिका एसटीनं कडवईपाड्यावर गेली आणि ओट्यावर बसून तिनं सगळं खरं सांगितलं. "बाबा, चूक माझी आहे. मीच काढायला सांगितला, आणि मीच तिथं नव्हते."

बाबांनी तिला दोष दिला नाही. मोबाईल डोळ्यांजवळ धरून ते किती तरी वेळ फोटो बघत राहिले. एका मोठ्या खोलीत, विटांच्या भिंतीवर भैरोबा टांगलेला होता. खाली विस्तव पेटलेला होता.

"चुलीवर टांगलाय?"

"तिकडं फार थंडी असते. घरात शेकोटीसारखं असतं."

"अगं, पण पांगारा हाय तो. शेक लागून तडकंल. आधी कानापाशी चीर जाईल, मग खाली हनवटीपर्यंत." त्यांनी बोटानं काचेवर ती जागा दाखवली. "परत नको मागू. तेवढं लिहून दे तिला, तिथून काढ आन्‌ सावलीत लाव म्हणावं."

भागीबाई आत निघून गेल्या.

"लिहिते," वेदिका म्हणाली.

तिनं तीनदा लिहिलं. पहिल्या दोन मेलना शेखरचं उत्तर आलं नाही. तिसऱ्यानंतर तो म्हणाला, एकही पुढं पाठवला नाही, आता हा विषय पुरे.

चैत्रात पाड्याच्या पंचांनी ठरवलं, नवा मुखवटा होईपर्यंत भैरोबाचं सोंग निघणार नाही. बाबांनी पांगाऱ्याचा ओंडका आणून पडवीत वाळत घातला होता, पण त्याला अजून पटाशी लावली नव्हती. बोहड्याच्या आदल्या दिवशी सकाळी ते स्वतः टेकडी चढले आणि सरिताच्या फोनवरून त्यांनी वेदिकाला फोन केला.

"पोरी, त्या बाईनं काढला का गं तिथून?"

वेदिका नाशिकच्या हॉटेलबाहेर उभी होती. नवे पाहुणे बसमध्ये चढत होते. त्यांना आता दुसऱ्याच गावाला न्यायचं होतं.

"काढला बाबा," ती म्हणाली. "सावलीत लावलाय म्हणाल्या."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "बरं झालं." मग फोन कसा बंद करायचा ते त्यांना कळेना, आणि बराच वेळ तिला टाकीपाशी वाहणारा वारा ऐकू येत राहिला.