हळदीच्या सकाळचा फोन

अक्षयच्या हळदीच्या सकाळी बायजा पळसदरीच्या घरात एकटीच होती. तिचा नवरा नामा पुतण्याच्या मांडवासाठी आधीच भिसेगावला गेला होता. तीही निघणार, तेवढ्यात दत्ताचा फोन आला. दत्ता खालापूरचा, तिच्या लेकाबरोबर, देवेशबरोबर, परदेशातल्या एका बंदरात वेल्डर म्हणून लागलेला.

"काकी, देवेश सापडला. ढिगाऱ्याखाली. मी सोता बघितलं, त्योच हाय," एवढं बोलून पोरगा हमसून हमसून रडायला लागला. बायजानंच त्याला पाणी पी म्हणून सांगितलं.

त्या देशाला अणुबाँब बनवू द्यायचा नाही, असं मोठ्या देशांनी ठरवलं आणि विमानं धाडली. बंदरातल्या गोदामात बाँबचं सामान दडवलंय असा त्यांना वहीम. होतं की नव्हतं, देव जाणे. विमानं आली तेव्हा देवेश त्या गोदामाचं छप्पर सांधायला चढला होता, एवढं खरं. तेव्हापासून त्याचा ठावठिकाणा नव्हता.

आता आपल्याला रडू येईल, म्हणून बायजा थोडा वेळ ओट्याला धरून उभी राहिली. आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट येत होती, सुतक. बातमी कळली की सुतक लागलं, आणि भावकीतलं लग्न थांबलं. हे लग्न आधीच एकदा पुढं गेलेलं, तेही देवेशला सुट्टी मिळेना म्हणून. अक्षय रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली, आणि बायजानं त्याला देवेशच्या जोडीनं वाढवलं. एक पोरगा गेला. दुसऱ्याची हळद तिला थांबवायची नव्हती. उद्या अक्षता पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, पाप लागलं तर आपल्याला लागू दे, असं ठरवून तिनं दाराला बाहेरून कडी घातली आणि भिसेगावची वाट धरली.

मांडवात पुरुषमंडळींनी बिनपगारी न्यायनिवाडा चालवला होता. "उद्या बाँब बनवून टाकलाच असता तर? वेळीच ठेचलं ते बरंच झालं," नवरदेवाचा बाप मालोजी म्हणाला, आणि वहिनी दिसताच उठून मांडवाची दोरी आवळायला लागला. बायजाला राग आला नाही. त्याचं खरंही असेल, तिला वाटलं. त्या खऱ्याचं काय करायचं, ते मात्र तिला कळेना.

पहिली हळद तिनंच लावायची होती. पण अक्षय पाटावर बसेना.

"काकी, देवेशचा पत्ता नाय आन मी हळद लावून घेऊ? मला नाय जमनार. फुडं ढकला."

सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"आला रं त्याचा फोन," बायजा म्हणाली. "सकाळीच. बरा हाय. लगीन थांबवू नका म्हनाला."

मग काय, मांडव एकदम जागा झाला. बायका तिच्या गळ्यात पडल्या. मालोजीनं बँडवाल्यांना हाक मारली. अक्षय रडत रडत पाटावर बसला, आणि तिनं त्याच्या गालांना हळद लावली. देवेशच्या अंगाला कधीच लागणार नाही, हे तिला कळत होतं. तिनं पुन्हा वाटीत बोटं बुडवली.

नामा गर्दीतून वाट काढत आला. "माझ्याशी नाय बोलला त्यो?"

"रेंज गेली."

नामा हसला, उपरण्यानं डोळे पुसले आणि पंगतीला जाऊन बसला. भात त्यानं पुन्हा मागून घेतला. बायजा वाढायला वाकली.

"आता उद्या करंल ना गं फोन?"

उद्या लग्न लागलं की याला सांगायचं होतं.

"जेवा," ती म्हणाली, आणि त्याच्या भातावर वरण घातलं.