अधांतरी महाराजांचा गोळा

कन्हेरीच्या माळावरल्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. ढोल नुसते बडवले जात होते आणि व्यासपीठावर, तांब्याच्या घंगाळावर एक शेंदरी गोळा हवेत झुलत होता. ना दोरी, ना टेकू. अधांतरी महाराज डोळे मिटून गरजत होते, "गोळा चढला, रोगी तरला! सुई टोचली, देव रुसला!" देवाला सुईचं एवढं भ्या का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

सोपाननं तापानं फणफणलेल्या लेकीला, निकिताला, खांद्यावरून उतरवलं. सातवीतली पोर. रक्तातल्या पेशी घटल्यात, आजच बारामतीला भरती करा, अशी डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या खिशातच होती.

गोळा चढला. जयजयकार झाला.

"आप्पा," निकिता पुटपुटली, "खाली पंखा हाय. मी शाळंत केलं हुतं की."

केलं होतंच. विमान हवेत कसं राहतं ते सांगायला तिनं विज्ञान प्रदर्शनात केस वाळवायच्या यंत्रावर चेंडू तरंगवला होता. बारामतीचं शिकाऊ विमान उसावरून गेलं की हातातलं काम टाकून ती बांधावर पळायची. तिला पायलट व्हायचं होतं. प्रदर्शनात सगळ्यांत जोरात टाळ्या सोपाननंच वाजवल्या होत्या.

"गप गं," तो म्हणाला. "देवाम्होरं आसं बोलू न्हाई."

गोळा चढला म्हणजे पोर तरली, असं धरून त्यानं तिला घरी नेलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली, तेव्हा उशीर झाला होता. निकिता गेली.

तेरावं उरकून चौदाव्या दिवशी सोपान विज्ञानाच्या वृषालीबाईंना घेऊन मांडवात आला. आज गावातल्या दगडाबाईचा तापानं फणफणलेला नातू घंगाळापुढं होता.

"ढोल थांबवा!" सोपान ओरडला.

ढोल थांबले आणि घरघर ऐकू आली. खळ्यावर ज्वारी उफणायचा पंखा! तिथल्या प्रत्येकाच्या घरचा आवाज. सोपाननं घंगाळ उचललं. त्याला बूडच नव्हतं. खाली पंखा फिरत होता आणि त्याचं बटण महाराजांच्या आसनाखाली होतं.

महाराज म्हणाले, "ही तर मायेची परीक्षा..." पण कुणी ऐकेना.

बाई म्हणाल्या, "खालचा झोत गोळा उचलतो. गोळ्याभोवती वळणारी हवा त्याला बाजूला पडू देत नाही. विमानाचा पंख हवा खाली ढकलतो, म्हणून हवा त्याला वर ढकलते. निकितानं हे वहीत लिहून ठेवलंय."

सोपाननं खिशातली ती चिठ्ठी काढली. घड्या पडून फाटायला आली होती.

"दगडाबाई, नातवाला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," तो म्हणाला. मग पोरांकडं वळला. "निकीचं यंत्र शाळंत ठिवलंय. या, चेंडू उडवून बगा, बाईंना इच्यारा. तिला उडायचं हुतं, आता तुमी उडा." तो मोठ्यांकडं वळला. "आन थोरांनो, पोर काय सांगत आसंल तर ऐका. माजी सांगत हुती. मीच तिला गप केलं."